भाटकाराच्या जमिनीवर थाटलेलं दुकान

पर्यटनाचा हंगाम जवळ आला की गोव्यातल्या छोट्या व्यावसायिकांत तोच वाद नव्याने सुरू होतो. होमस्टे चालवणारे, काजू-कोकम विकणारे, दुचाक्या भाड्याने देणारे, घरी खाजे आणि लोणची करणाऱ्या बायका, सगळे त्यात असतात. एक बाजू म्हणते, वेबसाइटचे दिवस संपले, गिऱ्हाईक इन्स्टाग्रामवर आहे आणि ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते. दुसरी म्हणते, वेबसाइट नसेल तर धंद्याला पत नाही. आता त्यात तिसरा सूर मिसळला आहे: एआय पाच मिनिटांत वेबसाइट काढून देतो, मग डिझायनरला वीस हजार कशाचे? तिन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि तिघीही पानाबद्दलच बोलतात. पान दिसतं कसं, बनवतो कोण, बनवायला वेळ किती. माझं म्हणणं असं की पान ही यातली सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे. धंद्याचं नाव कोणाच्या नावावर नोंदलेलं आहे आणि वर्षभर त्याची राखण कोण करतं, या दोन प्रश्नांवर सगळं अवलंबून आहे, आणि तेच दोन्ही प्रश्न विचारायचे राहून जातात.

गोव्यात तरी हे समजायला जड जाऊ नये. इथे घर घेताना भिंतींचा रंग बघण्याआधी एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगणारा सरकारी कागद, बघतात. आणि मुंडकार म्हणजे काय, हे इथल्या प्रत्येक वाड्यावर ठाऊक आहे: घर आपलं, जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची. पिढ्या गेल्या, अंगण सारवलं, माड लावून मोठे केले, तरी जमिनीवर शब्द भाटकाराचा. त्याची मर्जी फिरली तर काय, या भीतीत माणसं जगली, म्हणून तर १९७५ साली मुंडकारांना घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा करावा लागला. इन्स्टाग्रामवर थाटलेलं दुकान हे तसंच घर आहे. सजावट आपली, मेहनत आपली, गिऱ्हाइकांशी जडलेलं नातं आपलं, आणि जमीन दुसऱ्याची. फरक एवढाच की या मुंडकाराच्या पाठीशी १९७५ चा कायदा नाही.

समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. गिऱ्हाईक इन्स्टाग्रामवर आहे, यात शंकाच नाही. पेडण्यात तीन खोल्यांचा होमस्टे चालवणाऱ्या बाईला फोनवरून फोटो टाकता येतो, तिथेच विचारणा येते, तिथेच खोली ठरते, यूपीआयने आगाऊ पैसे जमा होतात. डिझायनर लागत नाही, होस्टिंगचं, म्हणजे वेबसाइट ठेवायच्या जागेचं, बिल येत नाही. फोंड्याच्या बाजारात दुपारी मासळीची थाळी वाढणाऱ्या खाणावळीला तर वेबसाइटची मुळीच गरज नाही. तिची टेबलं एक वाजता भरलेली असतात, आणि तिला वेबसाइट विकणारा डिझायनर तिचे पैसे पाण्यात घालतो. गूगल मॅपवर नोंद असली की तिचं काम भागतं: उघडण्याची वेळ बरोबर, सुट्टीचा वार बरोबर, फोन नंबर चालू. मात्र ती नोंदही मालकाच्या जीमेलवरून झालेली हवी. भाच्याने हौसेने स्वतःच्या खात्यातून केली आणि भाचा नोकरीसाठी बंगळूरला गेला, की वेळ बदलायची म्हटली तरी त्याच्या फोनची वाट बघावी लागते.

पण आज भागतंय म्हणून ते आपलं झालं का? २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होतं. टिकटॉक कुणाला आपल्या चाहत्यांचे फोन नंबर देत नव्हतं, त्यामुळे ज्यांनी वर्षं घालवून तिथे माणसं जमवली त्यांना सोबत नेण्यासारखं काही उरलं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद पडली. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते. कंपनीच्याच जाळ्यात देखभालीच्या कामात चूक झाली आणि जगाला त्या नावांचे पत्ते सापडेनासे झाले. विचारणा, बुकिंग आणि गिऱ्हाइकाचा नंबर, सगळं त्या तिघांतच ठेवणाऱ्याचं दुकान त्या रात्री बंद होतं. आणि गूगलचं उदाहरण तर छोट्या धंद्यांच्या अगदी दारातलं आहे. ‘बिझनेस डॉट साइट’ या पत्त्यावर गूगल फुकट वेबसाइट देत असे. मार्च २०२४ मध्ये ती सोय बंद झाली. १० जून २०२४ पर्यंत जुना पत्ता मॅपवरच्या नोंदीकडे वळवला, नंतर तेही थांबलं. तो पत्ता ज्यांनी पाटीवर रंगवला, पिशव्यांवर छापला, त्यांनी काय करायचं? यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. भाटकाराने आपल्या जमिनीचं आपल्याला वाटलं ते केलं.

इथे हुशार वाचक विचारेल, डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नोंदवलेलं नाव, तरी कुठे आपलं असतं? तेही भाड्याचंच. आक्षेप बरोबर आहे. डोमेन कायमचं विकत कुणालाच मिळत नाही. डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नोंदवता येतं, आणि भाडं चुकलं की नाव जातं. पण एक भाडं करारावर चालतं आणि दुसरं मर्जीवर. डोमेनचे नियम लिहिलेले आहेत आणि सगळ्यांना सारखे आहेत. नोंदणी करणारी कंपनी पटेनाशी झाली तर तिच्याकडून ट्रान्सफरचा कोड घ्यायचा, खात्यातलं कुलूप काढायचं आणि तेच नाव दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं. नव्या नोंदणीनंतरचे किंवा आधीच्या बदलीनंतरचे ६० दिवस सोडले तर सहसा कुणी अडवत नाही. पाटी तीच, पत्ता तोच, गिऱ्हाइकाला कळतही नाही. इन्स्टाग्रामवरचे दहा हजार फॉलोअर दुसरीकडे न्यायचा कोड कुठे मिळतो?

नाव हातचं जातं कसं, ते जरा जवळून बघू. डॉट कॉमची मुदत संपायच्या साधारण महिनाभर आधी एक आणि आठवडाभर आधी एक सूचना नोंदणी करणाऱ्या कंपनीला पाठवावीच लागते. मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एक. या सूचना नोंदणीच्या वेळी दिलेल्या ईमेलवर जातात. तो ईमेल बऱ्याचदा सहा-सात वर्षांपूर्वी वेबसाइट करून देणाऱ्या मुलाचा असतो, जो तो आता उघडत नाही. मुदत संपली की पान बंद पडतं, आणि मालकांना उशिरा कळतं ते हे की त्याच नावावरचा ईमेलही बंद पडतो. पुढे काही दिवसांची सवलत मिळते, कंपनीगणिक वेगळी, जास्तीत जास्त ४५ दिवस. त्या काळात नेहमीच्या दराने नूतनीकरण होऊ शकतं. ती सरली की ३० दिवस असे, ज्यांत नाव परत मिळतं पण दंडासह काही हजार मोजून. त्यानंतर ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही, आणि मग नाव बाजारात मोकळं होतं. चालती, जुनी नावं उचलायला लोक टपलेले असतात. एका सकाळी गिऱ्हाईक फोन करून सांगतं, तुमच्या होमस्टेच्या नावावर जुगाराच्या जाहिराती दिसताहेत. एवढा अनर्थ एका चुकीच्या ईमेल पत्त्याने होतो. इन्स्टाग्राम की वेबसाइट, या वादात त्या पत्त्याचा कधी उल्लेख ऐकला आहे?

आणि ही चूक बहुतेक वेळा आम्हा वेबसाइट करणाऱ्यांची असते, हेही स्पष्ट लिहायला हवं. ‘तुम्ही काही बघू नका, सगळं मी करतो’ असं सांगून डोमेन स्वतःच्या खात्यात घ्यायचं, होस्टिंगचा पासवर्ड स्वतःजवळ ठेवायचा, ही या व्यवसायाची जुनी खोड आहे. सुरुवातीला त्यात कपट नसतं. तीस गिऱ्हाइकांची डोमेन एकाच खात्यात असली की सांभाळायला सोपी जातात. पण बिलावरून खटका उडाला की तीच सोय हत्यार होते, आणि भांडण नसलं तरी माणूस आजारी पडतो, आखातात नोकरीला जातो, वारतो. मग ती तीस नावं कुणाची? डिझायनर लोक अडकवून ठेवतात ही तक्रार म्हणून खोटी नाही. त्यावरचा उपाय मात्र डिझायनरला काढून टाकणं हा नाही. डोमेन मालकाच्या नावाने, मालकाच्या ईमेलवर, मालकाच्या फोनवर ओटीपी येईल असं नोंदवायचं, आणि डिझायनरला त्या खात्यात कामापुरता प्रवेश द्यायचा. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या खात्यांत अशी सोय असते. हे करायला अर्धा तास लागतो.

एआयचा मुद्दा सर्वांत जोरकस आहे, म्हणून त्याला जास्त जागा देतो. पान काढण्यात एआय खरंच चांगला आहे. रंग जुळतात, मोबाइलवर नीट दिसतं, इंग्रजी शुद्ध असतं. तयार थीम विकत घ्यायची, लोगो बदलायचा, मजकूर इकडून तिकडून उचलायचा आणि २० हजार मागायचे, एवढंच काम करणाऱ्यांची रोजी त्याने जाईल, आणि जायला हरकत नाही. तो कुठे कमी पडतो तेही दिसतं. समुद्रापासून लांब, सत्तरीतल्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, असलेल्या होमस्टेसाठी मजकूर मागितला तरी त्यात समुद्रकिनारा आणि सूर्यास्त डोकावतात, कारण गोव्याबद्दल जगभर लिहिलेल्या मजकुरात तेच भरलं आहे. तिथे राहायला येणाऱ्याला हवं असतं निराळंच: पावसात गाडी दारापर्यंत येते का, कुठल्या कंपनीची रेंज मिळते, जळवा किती असतात, रात्रीचं जेवण घरचं आहे का. हे तिथे जाऊन विचारावं लागतं. पण हेही उद्या सुधारेल असं धरू. माझा आक्षेप त्यावर उभा नाही.

आक्षेप असा आहे की पान तयार झाल्यावर काम सुरू होतं, आणि ते यंत्रावर सोपवलं तरी कुणीतरी त्या यंत्राकडे बघत राहावं लागतं. वेबसाइट सुरक्षित असल्याचं ब्राउझरला पटवणारं एसएसएल प्रमाणपत्र घ्या. पूर्वी ते जास्तीत जास्त ३९८ दिवस चाले. १५ मार्च २०२६ पासूनची मर्यादा २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून अवघे ४७. वर्षातून आठ वेळा नूतनीकरण हाताने कुणी करणार नाही. ते आपोआपच व्हायला हवं, आणि होतंही. थांबतं केव्हा? होस्टिंग हलवलं आणि डीएनएसची, म्हणजे डोमेनचं नाव कुठल्या जागेकडे न्यायचं ते सांगणाऱ्या यादीतली, एक नोंद जुनी राहिली. सुरक्षेसाठी वेबसाइटला जोडलेल्या एखाद्या प्लगिनने प्रमाणपत्राच्या तपासणीचा रस्ताच अडवला. फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याचे ईमेल जून २०२५ पासून बंद केले आहेत. त्यामुळे पहिली खबर मिळते ती गिऱ्हाइकाच्या पडद्यावरच्या धोक्याच्या इशाऱ्याने. डोमेनच्या ‘ऑटो रिन्यू’चंही तेच. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कार्डावरून परस्पर पैसे कापायला कार्डधारकाची आधी नोंदवलेली संमती लागते. परदेशी कंपनीच्या खात्यात दिलेल्या भारतीय कार्डांवरची अशी कापणी तेव्हापासून अनेकदा नाकारली जाते. खात्यात बटण चालू दिसतं आणि पैसे बँकेतच असतात.

सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते ईमेलमध्ये, आणि ते दिसत नाही. वेबसाइट एका होस्टिंगवरून दुसरीकडे न्यायची आहे. नीट करणारा माणूस आदल्या दिवशी डीएनएसमधला टीटीएल, म्हणजे जुनी नोंद जगाने किती वेळ धरून ठेवायची तो आकडा, कमी करतो, समजा ८६,४०० सेकंदांवरून ३०० वर, म्हणजे बदल जगभर दिवसभराऐवजी पाच मिनिटांत पोचतो. मग जुन्या जागेवरची प्रत्येक नोंद उतरवून घेतो: पान कुठे आहे ते सांगणारी, ईमेल कुठे जातो ते सांगणारी एमएक्स, आणि आपल्या नावाने ईमेल कोण पाठवू शकतो ते सांगणारी एसपीएफ. नव्या जागेवर पान आधी स्वतःच्या कॉम्प्युटरपुरतं उघडून बघतो, आणि शेवटी नोंद बदलतो. घाई करणारा फक्त नेमसर्व्हर, म्हणजे या सगळ्या नोंदी जिथून वाचल्या जातात ती जागा, बदलतो. पान नव्या जागी झकास उघडतं, सगळे खूश. पण एमएक्स नोंद मागेच राहिली. आता युरोपातल्या एखाद्या टूर कंपनीचा ईमेल नव्या होस्टिंगवर येतो, तिथे ती पेटीच नाही, ईमेल परत जातो. मालकाला वाटतं, यंदा हंगाम मंद आहे. एसपीएफच्या दोन वेगळ्या ओळी कुणी टाकल्या, तर नियमानुसार दोन्ही निकामी होतात आणि आपण पाठवलेलं बुकिंगचं उत्तर समोरच्याच्या स्पॅममध्ये जातं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू याबाबत आणखी कडक झाले आहेत. पानावरचा ‘आम्हाला लिहा’ हा फॉर्म होस्टिंगच्या साध्या मेल सोयीवर चालत असेल तर त्याचीही तीच गत. तो रीतसर एसएमटीपीने, म्हणजे ईमेल पाठवायच्या अधिकृत वाटेने, स्वतःच्या पेटीतून पाठवायला लावावा लागतो आणि महिन्यातून एकदा स्वतः भरून बघावा लागतो. पाच मिनिटांत पान काढून देणारा हे महिन्यातून एकदा भरून बघणार आहे का?

गोव्याने हा धडा खाजनांत, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतांत, घेतलेला आहे. नदीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावकऱ्यांनी शतकांपूर्वी मातीचे बांध घातले आणि त्यांत मानस बसवली, भरतीला आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी लाकडी दारं. बांध पहिल्यांदा घातला कुणी, हे आज सांगता येत नाही. तो टिकवला दर वर्षी खेकड्यांची बिळं बुजवणाऱ्यांनी. बीळ बोटा-दोन बोटांचं. भरतीला त्यातून पाणी झिरपतं, माती सुटते, आणि उधाण आलं की तिथेच भगदाड पडतं. खारं पाणी एकदा आत आलं की भाताची जमीन लवकर पूर्वपदावर येत नाही. गावकारीच्या आणि पुढे कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या, व्यवस्थेत या राखणीची जबाबदारी ठरलेली होती आणि तिचा खर्च धरलेला होता. १९६४ च्या कुळ कायद्यानंतर ती कुळ संघांकडे गेली, आणि जिथे ती कुणाचीच ठरली नाही तिथे बांध फुटले, शेतांत खारफुटी उगवली. बांध कुणी, किती दिवसांत घातला, यावर त्या गावांत आज वाद घालून काय मिळणार?

आता राखण करणाऱ्याच्या घराकडे वळू. ‘घरातच बसून असतो, दुकानाचं भाडं नाही, येण्याजाण्याचा खर्च नाही, मग एवढे पैसे कशाचे?’ हा प्रश्न गोव्यात प्रत्येक वेबसाइट करणाऱ्याने ऐकलेला असतो. त्यात तथ्य आहे. पणजी किंवा मडगावात गाळा घ्यायचा तर महिन्याचं भाडंच धंदा खाईल. घरातून काम केल्याने दर खाली राहतात आणि त्याचा फायदा गिऱ्हाइकालाही मिळतो. पण घर म्हणजे फुकटची जागा, हा हिशेब चुकीचा आहे. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते, प्रत्यक्षात हजार-अकराशे. लॅपटॉप, राउटर, एक पंखा आणि एक दिवा मिळून १५० वॉट धरले तर सात तास. त्याच लाइनवर स्वयंपाकघर असेल आणि कुणी ७५० वॉटचा मिक्सर लावला, तर ओव्हरलोडची शिट्टी वाजून सगळंच बंद. डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टर ‘यूपीएस’ मोडवर ठेवावा लागतो, नाहीतर वीज जाण्याच्या क्षणीच मशीन बंद पडून पुन्हा सुरू होतं आणि अर्धवट चढवलेली फाइल तशीच राहते. राउटरला १२ व्होल्टचा वेगळा छोटा यूपीएस लावला तर मोठी बॅटरी उतरल्यावरही दोन-तीन तास निघतात. तरी लाइन येईलच असं नाही. केबलवाल्याचा स्विच ज्या वाड्यावर बसवला आहे तिथे वीज नसेल, तर आपल्या घरचा लख्ख उजेड कामाचा नाही. माडाची झावळ तारेवर पडली, फायबर कुठेतरी दुमडली, की घरातल्या फायबरच्या डब्यावरचा दिवा लाल होतो. फायबरमधून येणारा प्रकाश फारच मंद झाला की डबा तो पकडू शकत नाही, मग राउटर वीस वेळा बंद-चालू करण्यात अर्थ नसतो. दुसऱ्या कंपनीचं सिम याचसाठी भरलेलं ठेवावं लागतं.

मे महिन्यातल्या आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटाची गोष्ट वेगळीच. फायबरमधून विजेचा झटका येत नाही, तो येतो अडॉप्टरमधून, आणि राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत गेलेल्या लॅन केबलमधून पुढे सरकतो. स्वस्त स्पाइक बोर्ड त्याला अडवत नाही. प्लग आणि लॅन केबल, दोन्ही काढून ठेवणं हाच उपाय. चिऱ्याच्या खडकाळ जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहावं लागतं. हे कोण करतं? बऱ्याच घरांत ज्याची वेबसाइट चालायची आहे तो माणूस बाहेर गिऱ्हाइकाकडे गेलेला असतो, आणि ढग दाटून आले की पळत जाऊन प्लग काढणारी त्याची आई किंवा बायको असते. गिऱ्हाइकाचा फोन तीच घेते, निरोप तीच लिहून ठेवते. चवथीला गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधली जात असते आणि खाली टेबलावर कुणाच्या तरी बुकिंगचं पान उघडत नाही म्हणून फोन वाजत असतो. ‘घरातच तर असतो’ या वाक्यात घरातल्या सगळ्यांचं काम शून्य धरलेलं आहे. घरकामाची जी किंमत आपण आजवर करत आलो, तीच आता घरातून होणाऱ्या या कामाची करतो आहोत. दोन्ही ठिकाणी केलेलं दिसत नाही, राहिलेलं तेवढं दिसतं.

बॅकअपबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण ‘होस्टिंगवाले बॅकअप घेतात’ हे उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं. घेतात, पण बऱ्याचदा त्याच मशीनवर किंवा त्याच इमारतीत. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे एका मोठ्या कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांच्या प्रती त्याच आवारात होत्या त्यांचं मूळ आणि प्रत दोन्ही गेलं. हाही धडा गोव्याला नवा नाही. छापखाना गोव्यात १५५६ साली आला. फादर स्टीफन्स यांचं मराठी क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, तेही रोमी लिपीत, कारण देवनागरी खिळ्यांची सोय झाली नाही. सतराव्या शतकात ते आणखी दोनदा छापलं. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ वाचला तो लोकांनी हाताने नकलून ठेवला म्हणून. १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापला तो हस्तलिखितांवरूनच. छापखाना हे त्या काळचं सर्वांत नवं यंत्र होतं, आणि मजकूर टिकला तो घराघरांतल्या पोथ्यांत. वेबसाइटच्या तीन प्रती हव्यात: एक चालू, एक वेगळ्या कंपनीच्या साठ्यात, एक घरातल्या हार्ड डिस्कवर. आणि सहा महिन्यांनी एकदा ती प्रत खरोखर उघडते का, ते रिकाम्या जागेवर चढवून बघायचं. डेटाबेस वगळून नुसते फोटो आणि फाइल उतरवलेल्या कितीतरी ‘प्रती’ असतात. त्यांतून पान उभं राहत नाही.

मग पैशांचं काय? डोमेनला वर्षाला हजार-दीड हजार, साध्या होस्टिंगला तीन ते सहा हजार. अपडेट, प्रती, फॉर्मची तपासणी याला महिन्याला दीड-दोन तास. हे तास आजवर डिझायनर पहिल्या ठोक रकमेत लपवत आले, आणि म्हणून दुसऱ्या वर्षी गिऱ्हाइकाला वाटतं की आता काम काहीच नाही. पाण्याच्या फिल्टरचं, एसीचं वार्षिक कंत्राट आपण बिनतक्रार भरतो. गावच्या राखणदाराचं वर्षाचं देणं चुकवत नाही. वेबसाइट करणाऱ्यांनी पान स्वस्तात द्यावं, हवं तर एआयकडून काढून घ्यावं, आणि राखणीचे पैसे उघडपणे, महिन्याच्या दराने, कामांच्या यादीसह मागावेत. ज्याला ते परवडत नाहीत त्याला प्लगिन नसलेली चार पानांची साधी वेबसाइट द्यावी, जिच्यात बिघडण्यासारखं फार नाही, आणि तसं त्याला स्पष्ट सांगावं.

व्यावसायिकांनी करायचं काम एका दुपारचं आहे. एक कागद घ्यायचा. त्यावर लिहायचं: डोमेन कुठल्या कंपनीत, कोणाच्या नावाने, कोणत्या ईमेलवर, मुदत कोणत्या तारखेला, होस्टिंग कुठे, त्याची मुदत, ईमेल कुठे चालतो, गूगल मॅपची नोंद आणि इन्स्टाग्राम कोणत्या खात्यातून, प्रती कुठे ठेवल्या आहेत, राखण कोण करतं आणि तो नसेल तर कोण. पासवर्ड त्या कागदावर नकोत, ते कुठे आहेत एवढं लिहावं. प्रत्येक खात्यापुढे ओटीपी कुठल्या फोनवर येतो तो नंबर लिहायचा, आणि तो फोन या क्षणी घरात कोणाच्या हातात आहे, ते बघायचं. मग कागदाची घडी घालून तो कपाटात, एक-चौदाच्या उताऱ्याशेजारी ठेवायचा.